‘नवस’ या नोंदीतील गाळलेल्या ओळी

मी, लीलाधर निंबा सपकाळे, वय सदुसष्ट, धर्माने ख्रिस्ती, निवृत्त शिक्षक आणि ‘घरचा शास्त्रकोश’ या पुस्तकाचा कर्ता, राहणार राजपुरा, बुऱ्हाणपूर, जिल्हा पूर्व निमाड, मध्य प्रदेश. राज्याचे नाव गेल्या वर्षी होते तेच आहे. राजधानी नोव्हेंबरात नागपूरहून भोपाळला गेली. माझे घर होते तिथेच आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही, झोप नाही. वकील श्रीकांतराव म्हणतात, मृत्युपत्रात झोपेचा उल्लेख लागत नाही. तो राहू द्यावा.

१. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे लिहिली आणि दोन्ही फाडली. दोन्हींत घर होते, पुस्तके होती, भांडी होती. लिहायचे ते नव्हते.

२. माझी पत्नी कुसुम १९३८ साली वारली. मूल नाही. बहिणीचा मुलगा प्रकाश माझ्याजवळ राहतो आणि सरकारी कचेरीत काम करतो. या पत्रात ज्याची विल्हेवाट लावलेली नाही ते सर्व त्याचे. त्याने माझी सेवा केली. मी त्या सेवेची तक्रार केली. दोन्ही खरे आहे.

३. शास्त्रकोशाविषयी. पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलातील, गावे, झाडे, मापे, चालीरीती, आपल्याकडच्या साध्या माणसाला कळाव्यात म्हणून मी हे पुस्तक केले. यार्देन नदी तापीहून अरुंद, असे त्यात आहे. यरुशलेम ते यरीहो म्हणजे बुऱ्हाणपूर ते असीरगड आणि वर थोडे, फक्त सगळा उतार, असेही आहे. पंडितांसाठी कोश होते. चुलीपाशी बसून वाचता येईल असा नव्हता.

नोंद किती लांब असावी, याचे माप कुसुमने दिले. ती भाकरी तव्यावर टाकी आणि मी नोंद वाचू लागे. भाकरी उलटायची वेळ झाली की ती म्हणे, “उलटली!” मी थांबे. उरलेल्या ओळी गाळायच्या. गावातल्या बाईला वाचायला तेवढाच वेळ असतो, असे तिचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. या मापाने सातशे बारा नोंदी झाल्या. १९२२ साली पुस्तक निघाले आणि ते खेड्यापाड्यांत गेले. पंडितांचे कोश कपाटांत राहिले.

तिसऱ्या आवृत्तीतल्या नोंदी लांब आहेत. एका परीक्षणात त्याचे श्रेय वाढत्या व्यासंगाला दिले होते. कुसुम तेव्हा नव्हती आणि मला भाकरी जमत नाही, एवढेच त्याचे कारण.

तवा प्रकाशने ठेवावा. विकू नये.

४. ज्या पाळकसाहेबांनी भर सभेत माझ्या पुस्तकाला ‘भाकरीकोश’ म्हटले, ते आता हयात नाहीत. त्यांना मी क्षमा केली, असे पहिल्या मृत्युपत्रात लिहिले होते. ते खोटे होते. नाव चांगले होते, ते मला सुचले नाही, हे माझे दुःख आहे.

शेजारी कडू याने आमच्या सामाईक भिंतीला लागून दोन यंत्रमाग बसवले. बारा वर्षे मी भिंतीवर काठी आपटली. बारा वर्षे तो ओरडला, “मास्तर, माग थांबवला तर पोट थांबेल!” ती काठी कडूला द्यावी. बाभळीची आहे, मजबूत आहे.

५. आता नवस.

१९१८ साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. देडतलाईचे शेतकरी भाईदास आमच्याच ख्रिस्ती मंडळीतले. त्यांचा धाकटा मुलगा शेवटच्या घटका मोजत होता. रविवारी प्रार्थनेत त्यांची मुलगी मालूबाई, वय सतरा, उभी राहिली आणि मोठ्याने बोलली, की भाऊ वाचला तर ती लग्न करणार नाही, जन्मभर देवाचे काम करील. भाईदास तिथल्या तिथे उठले. म्हणाले, “हे मले मंजूर नाही. मी बाप आहे तिचा.” वडीलधाऱ्यांनी त्यांना खाली बसवले. देवाच्या गोष्टीत बापाने पडू नये, असे सांगितले. मी दुसऱ्या बाकावर होतो. सगळे ऐकले.

भाऊ वाचला. भाईदास दोन वर्षांनी गेले. मालूबाई शास्त्र वाचून दाखवायला खकनार भागातल्या गावांत हिंडू लागली. पिशवीत माझा कोश असे.

१९२४ साली दवाखान्यातल्या यादव कंपाउंडरने तिला मागणी घातली. ती कोश घेऊन माझ्याकडे आली. बोट ‘नवस’ या नोंदीवर होते. नोंद चार ओळींची: देवाला केलेला नवस फेडावाच लागतो, मोडणे पाप आहे, म्हणून नवस जपून करावा.

तिने विचारले, “मास्तर, एवढंच आहे का?”

मी म्हणालो, “एवढंच.”

तिने यादवला नाही म्हणून कळवले. तो म्हणाला, थांबतो.

१९२९ साली दुसऱ्या आवृत्तीसाठी मी जुने कागद काढले. मूळ नोंद अकरा ओळींची होती. भाकरी चौथ्या ओळीला उलटली होती. पाचव्या ओळीपासून शास्त्रातल्या गणना या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायातला नियम होता: मुलगी बापाच्या घरी असताना तिने नवस केला आणि बापाने ऐकल्याच दिवशी मना केले, तर तो नवस उरत नाही, परमेश्वर तिला क्षमा करतो.

भाईदासने ऐकल्याच क्षणी मना केले होते. तिच्यावर नवस एक दिवसही नव्हता.

त्या संध्याकाळी गाळताना कुसुमने विचारले होते, “राहिलं त्यात काय होतं?” मी म्हटले होते, “बारीकसारीक.”

दुसऱ्या आवृत्तीत मी त्या ओळी घातल्या. गुपचूप घातल्या, शुद्धिपत्र जोडले नाही. नवी प्रत घेऊन देडतलाईला गेलो. यादव तेव्हा अविवाहित होता. मालूबाईने प्रत हातातही घेतली नाही. म्हणाली, “जुना धड आहे ना मास्तर. एक पान गळालं नाही अजून.” मी चहा घेतला. केळीच्या भावाविषयी बोललो. प्रत पिशवीत घालून परत आलो. पुढच्या वेळी सांगू, असे ठरवले. १९३१ साली यादवने लग्न केले. मग सांगण्यात काय अर्थ, असे ठरवले. दोन्ही वेळा ठरवायला फार वेळ लागला नाही.

तेव्हापासून मी बसून लिहू शकत नाही. उठतो, गच्चीवर जातो, खाली येतो. काठी आपटण्याचे खरे कारण माग नव्हते. कडूने हे वाचू नये.

६. राजपुऱ्यातील माझे घर, दोन खोल्या, माडी आणि गच्ची, मी मालूबाई भाईदास, देडतलाई, हिला देतो. तिचे स्वतःचे घर झाले नाही. भावाच्या पडवीत राहते.

७. प्रकाशला सूचना. तो कोश हिंदीत आणणार आहे. मला म्हणाला, “मामा, आता इथं मराठी वाचणार कोण? शाळा, कचेरी, सब हिंदी में होगा.” तो म्हणतो तसेच होईल. पण त्याने भाषांतरासाठी पहिली आवृत्ती घेतली आहे. “छोटी है मामा, पब्लिकला हीच आवडते.” मागच्या आठवड्यात त्याच्या टेबलावर ‘नवस’ची नोंद पाहिली. चार ओळी. स्वच्छ हिंदी.

पुस्तकाचे हक्क मी प्रकाशला या अटीवर देतो, की ही नोंद कोणत्याही भाषेत अकरा ओळींचीच छापावी. भाकरी करपली तरी चालेल.

८. हे कलम शुक्रवारी लिहितो आहे. वरची सात कलमे सोमवारी झाली. ती श्रीकांतरावांना दाखवली. ते म्हणाले, “लीलाधरराव, पाचवं कलम कायद्याला नको आहे. काढा.” मी म्हणालो, “मी एकदा काढून पाहिलं आहे.”

मी मेल्यावर तिने हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे, ही तिसरी पळवाट झाली असती. म्हणून प्रकाशला बसने पाठवून मालूबाईला बोलावून घेतले. आज अकरा वाजता ती आली. छप्पन वर्षांची आहे. जुना कोश बरोबर होता.

मी तिला पाचवे आणि सहावे कलम वाचून दाखवले. तिने जुना कोश मांडीवर घेतला. भिंतीपलीकडे माग चालू होते.

मग म्हणाली, “बा उठला होता. मले आठवते. मी त्याच्याशी सहा महिने बोलले नाही, देवाच्या आड आला म्हणून.”

मी म्हणालो, “हो.”

“तुमी देडतलाईले आले होते. चहा पिऊन गेले.”

“हो.”

“केळीचा भाव विचारला.”

“हो.”

“आन् आता घर देता.”

मी म्हणालो, दुसरे माझ्याजवळ काही नाही. ती म्हणाली, “मी मागितलं का?”

एवढ्यात कडू आला. त्याला साक्षीदार म्हणून बोलावले होते. एक श्रीकांतराव, ते आधीच येऊन बसले होते; दुसरा तो. श्रीकांतरावांनी देणग्यांची कलमे पाहिली आणि त्याला थांबवले. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष घातली, तर साक्ष राहते पण त्याची देणगी रद्द होते, असा आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला कायदा आहे. कडूला तो दोनदा समजावून सांगावा लागला.

“म्हणजे सही केली तर काठी गेली?”

“गेली.”

“मंग मी सही करत नाही. बारा वर्षं आवाज ऐकला, काठी माझी आहे,” असे म्हणून तो मागावर निघून गेला.

श्रीकांतराव म्हणाले, दुसरा साक्षीदार उद्या पाहू. मालूबाईने विचारले, “बाईची साक्ष चालते?” ते म्हणाले, चालते, पण तुमची कशी चालेल, तुम्हाला यात घर दिले आहे. ती म्हणाली, “कडूभाऊले सांगितलं ते मी ऐकलं.” आणि हात पुढे केला.

श्रीकांतराव म्हणाले, “बाई, विचार करा. घर जाईल.”

“घर घेतलं तर मास्तर सुटतील,” ती म्हणाली. “मले एवढ्यात सोडायचं नाही त्यायले.”

सही करण्याआधी तिने सगळी कलमे पहिल्यापासून वाचून दाखवायला लावली. मधे उठून मी पाणी प्यायलो. ती म्हणाली, “बसा.” मी बसलो.

सहावे कलम खोडावे का, असे श्रीकांतरावांनी विचारले. खोडू नये. ते रद्द झाले आहे, हे मला ठाऊक आहे. ते तसेच दिसावे.

घर आता दुसऱ्या कलमाप्रमाणे प्रकाशचे. तो दारात उभा होता. त्याच्याकडे पाहून मालूबाई म्हणाली, “अकरा ओळी, बेटा. मी हिंदी वाचते.”

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले. दोन्ही साक्षीदार समोर असताना सही केली, आणि माझ्यादेखत त्यांनी केली.

बुऱ्हाणपूर, राजपुरा
शुक्रवार, २२ फेब्रुवारी १९५७

(सही) लीलाधर निंबा सपकाळे

साक्षीदार :

१. (सही) श्रीकांत वामन देशमुख, वकील, बुऱ्हाणपूर

२. (सही) मालूबाई भाईदास, देडतलाई.
सगळे वाचून घेतले. मधे थांबू दिले नाही.