डाव्या पायाची कबुली

मी, सटवाजी विश्वंभर कऱ्हाळे, वय एकाहत्तर, धंदा मोटार चालवायला शिकवणे, राहणार वसमत, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दाबाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डावा गुडघा कामातून गेला आहे, डोके शाबूत आहे.

१. राहते घर मुलगा शिवशंकर व सून निता यांना. पत्नी शकुबाई हयात असेपर्यंत पुढची खोली आणि अंगणातली गाडी लावायची जागा तिची. तिथे कुणी हळदीची पोती रचू नयेत.

२. शिकवणीची गिअरची गाडी शिवशंकरला. मास्तरासाठी डावीकडेही क्लच आणि ब्रेक आहेत, ते बद्रुद्दीन मिस्त्रीने बसवलेले. गाडी इमानी आहे. बॅटरी उतरली तरी चौघांनी ढकलली की चालू होते. ऑटोमॅटिकला हे जमत नाही, मान्य. "ऑटोमॅटिक म्हणजे आळशाची गाडी," असे मीच गावभर सांगत फिरलो. मग गुडघा गेला आणि मीच ऑटोमॅटिक घेतली. हळदबाजाराच्या मोंढ्यासमोरच्या गर्दीत पन्नास वेळा क्लच दाबून पाहा, मग बोला.

३. ऑटोमॅटिक गाडी फक्त शकुबाईला. ती कुणी विकू नये. मागल्या आठवड्यात शिवशंकर तिला म्हणाला, "आई, तू काहून चालवतीस? मी हाय ना." तिने किल्ली खुंटीला अडकवली. मला ते अजिबात आवडले नाही. पण दोष आधी माझा, म्हणून ही कबुली.

सव्वीस वर्षांपूर्वी अशाच दुहेरी पेडलांच्या गाडीत मी शकूला शिकवले. गाडी बंद पडून शिकणाऱ्याचा हुरूप मोडू नये म्हणून मास्तर आपल्या बाजूचा क्लच गुपचूप दाबतो. मी महिनाभर दाबला. ती डोंगरकडा गावाला जाऊन आली, हरखून गेली. मी म्हणालो, "तू एकटीनंच चालवली की!" मग तिला मास्तरच्या पेडलांशिवायची एक साधी गाडी चालवायला दिली. मोंढ्याच्या फाटकात गाडी सात वेळा बंद पडली. मागे गाड्यांची रांग, हमाल, हसणारी माणसे. त्यांत मीही हसलो. शकू उतरली आणि पायी घरी गेली. तेव्हापासून म्हणते, "माह्याच पायात खोट हाय."

शकू, खोट माझ्या पायात होती. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. मला माफ कर.

यंदाच्या माघात तू ऑटोमॅटिक घेऊन पहाटे निघालीस. मी डावीकडे. शेतांत हळद शिजत होती, वाफ रस्त्यावर उतरली होती. जुन्या सवयीने माझा पाय पेडल शोधत राहिला. खाली नुसती चटई. हळूहळू पायही शांत झाला. गाडीचा आवाज नाही, हिसका नाही. आपण जागीच बसलो आहोत आणि रस्ताच वाहतो आहे असे वाटले. चालत्या गाडीत चाळीस वर्षांत माझा डोळा लागला नव्हता, तो लागला.

"अवं, उठा. डोंगरकडा आलं," तू म्हणालीस.

४. माझ्या अस्थी नांदेडला गोदावरीत सोडाव्यात. गाडी शकुबाईनेच चालवावी. शिवशंकरने डावीकडे बसावे, पाय आखडून, तोंड मिटून. घाई करू नये. मी मागच्या सीटवर असेन, मला झोप लागलेली असेल.

वाचून, समजून सही केली.
सटवाजी विश्वंभर कऱ्हाळे
वसमत, जि. हिंगोली, ९ मार्च २०२५

साक्षीदार:
१. बद्रुद्दीन मिस्त्री. पेडलं मीच बसवली होती, लिहिलंय ते बराबर हाय.
२. मिराबाई, शेजारी. शकूला मी त्या दिवशी गाडी परत आणताना पाह्यलं. एकटीच चालवत होती, मास्तर बाजूला झोपले होते.