चार बोटं लांब पाठ

तीर्थरूप बाबा,
सायकलच्या हँडलवर वाकतेच आहे, त्यात तुम्हालाही वाकून नमस्कार.

कोटाची पाठ चार बोटं लांब झाली, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माप चुकलं म्हणून मी निघताना तुम्ही किती हळहळलात! इथे थंडी नुसती मी म्हणतेय. पण सायकलवर वाकलं की सगळ्यांची कंबर उघडी पडते, माझी झाकलेली. कारखान्यातल्या मैत्रिणी शिंप्याचा पत्ता विचारतात. मी ऐटीत सांगते, "घरचाच आहे!"

हातमोजे, कानटोपी सगळं घालते, आईला सांगा. तिचे गुडघे कसे आहेत?

बाबा, टेपवरचे आकडे तुम्हाला दिसत नाहीत, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. माझ्याच्याने बोलवलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता करून घ्या. मग दुसरा कोट शिवा. पाठ मात्र एवढीच ठेवा.

तुमची उबदार धाकटी