फ्लेक्सवरचे माजी सरपंच

बाबा, मला तुमचा राग आला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं तुम्ही म्हणाल आणि नेहमीसारखे मिशीतल्या मिशीत हसाल. हसू नका. आज शुक्रवार, मस्कतमध्ये सुट्टीचा दिवस. अल् खुवैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई सकाळपासून दिवाणावर बसून होती. समोर लसणाचं ताट होतं, पण लसूण सोलून होत नव्हता. मी मोबाइल हातातून खाली ठेवला नव्हता. कारण तुमची धाकटी लेक, जी तुमच्या शिलाई मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, ती इंग्लंडमधल्या तिच्या गावच्या कौन्सिलला उभी होती आणि आज मोजणी होती. ती तिथे कितीतरी वर्षं नर्स आहे, आता तिथलीच नागरिक झाली आहे. बसथांबा हलवला म्हणून म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात येता येईना, एवढ्याशा गोष्टीवरून ती भांडायला गेली आणि भांडता भांडता उमेदवार झाली. मी इथे एवढी वर्षं काढली, पण मला कुठेच मत देता येत नाही. इथल्या निवडणुका इथल्या लोकांच्या, गावच्या यादीतून माझं नाव लग्नानंतर कधी गेलं ते मलाही माहीत नाही. त्यामुळे तिच्या निवडणुकीत माझा जीव जरा जास्तच अडकला होता.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ आला. कुठल्याशा खेळाच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. एक अधिकारी किराणाची यादी वाचावी तशा आवाजात नावं आणि मतं वाचतो आहे, सगळे उमेदवार एका ओळीत उभे, हरणारेसुद्धा. आपली मधोमध, निळ्या साडीवर कोट घालून. थोड्याच मतांनी, पण आली निवडून! वर्षानुवर्षं ती जागा धरून बसलेल्या आजोबांनी तिचा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं आणि लोकांनी जरा टाळ्या वाजवल्या. झालं. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "गुलाल नाही? मग जिंकली हे लोकांना कळणार कसं?" मी ओरडत होते, रडत होते, तुमचा जावई खाली जाऊन ओमानी हलव्याचा डबा घेऊन आला. अर्धा तास आम्ही अगदी सुखात होतो बाबा. नंतर फोन सुरू झाले.

पहिला इथल्याच, अल् खौदच्या मैत्रिणीचा. "अगं काँग्रॅट्स! तुझ्या बहिणीच्या मिस्टरांना माझ्याकडून स्पेशल अभिनंदन सांग हां. बायकोला एवढा सपोर्ट करणारा नवरा मिळायला नशीब लागतं." दुसरा मामांचा. "धाकट्या जावयाने पोरीचं सोनं केलं." ग्रुपवर हारांची आणि फटाक्यांची चित्रं, आणि प्रत्येकाखाली जावईबापू, जावईबापू. शेवटी त्या बिचाऱ्यानेच लिहिलं, 'मी फक्त गाडी चालवली.' त्यावर कोणीतरी लिहिलं, 'हाच तुमचा मोठेपणा.' घ्या! उन्हापावसात दारं तिने वाजवली, कुत्री तिच्या अंगावर आली, 'तुमच्या देशात जा' हेही तिनेच ऐकलं, आणि मोठेपणा गाडी चालवणाऱ्याचा. मी मोबाइल सोफ्यावर आपटला. आई म्हणाली, "फुटेल ना. असू दे." हे तिचं असू दे मी जन्मभर ऐकते आहे आणि आता ते ऐकलं की माझं डोकं उठतं.

मग धाकटीचा फोन आला. तिच्या मागे पोरांचा गोंधळ, तिचा घसा बसलेला. तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तिने घरोघर वाटलेल्या पत्रकात स्वतःविषयी चारच ओळी होत्या, त्यातली एक अशी की माझी आई आमच्या गावाची सरपंच होती. दारात लोक तिला त्याबद्दल विचारायचे म्हणे. आई सरपंच होती तेव्हा धाकटी पहिली-दुसरीत होती, तिला तेवढंच ठाऊक. तिने आईला विचारलं, "आई, पुढच्या आठवड्यात माझी पहिली मीटिंग आहे. मला जाम टेन्शन आलंय. तुझ्या पहिल्या सभेला तू काय बोललीस गं?"

आईने हातातली लसणाची पाकळी ताटात ठेवली. मग म्हणाली, "पहिल्या सभेला मी चहा केला होता."

धाकटीला वाटलं आई गंमत करते आहे, ती हसली. मला हसू आलं नाही, कारण त्या चहाची किटली घेऊन पंचायतीत मीच गेले होते. आठवतंय तुम्हाला? जागा आपल्या समाजातल्या बाईसाठी राखीव झाली, म्हणून आईचा अर्ज भरला. निवडून आली ती. त्याच आठवड्यात तुम्ही स्वतःसाठी पांढऱ्या सदऱ्याचे दोन जोड शिवलेत. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, शिंपीच तुम्ही, शिवणारच. सभेच्या सकाळी आई तिची ठेवणीतली पांढरी साडी नेसून, केसांना तेल लावून उंबऱ्याशी उभी आहे. चपला घातल्या आहेत. आणि तुम्ही नव्या सदऱ्याची बटणं लावत म्हणता, "तू कुठे निघालीस? तिथे सगळे बाप्ये असतात. मी आहे ना. तू चहाचं बघ." आवाज चढवला नाहीत. तुम्ही कधीच आवाज चढवला नाहीत, म्हणून तर सगळे तुम्हाला देवमाणूस म्हणायचे. आईने चपला काढल्या, साडी बदलली, मोठं पातेलं चढवलं. मी किटली घेऊन पोचले तेव्हा तुम्ही मधल्या खुर्चीत बसला होता आणि ग्रामसेवक तुम्हाला सरपंच म्हणत होते.

पुढची पाच वर्षं तशीच. शिपाई संध्याकाळी कागद घेऊन घरी यायचा, आई भाकरी थापता थापता पिठाचे हात पदराला पुसून सही करायची. त्यासाठी तुम्ही तिला शाईचं पेन आणून दिलं होतंत, चांगलं, सोनेरी टोपणाचं. ते मिठाच्या बरणीशेजारी फळीवर असायचं. ती सातवी शिकलेली होती. प्रत्येक कागद आधी वाचायची, तवा करपला तरी वाचायची, आणि तुम्ही म्हणायचात, "वाचत काय बसतेस, मी बघितलंय." आणि जयंतीला विहारासमोर माइक हातात घेऊन समतेवर बोलायचात! किती सुंदर बोलायचात. बायका डोळे पुसायच्या. आई त्या बायकांमध्ये बसायची, तीही पुसायची. मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटायचा. आता ते भाषण आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. दुसऱ्या कोणी आपल्या बाईला खुर्चीत बसू दिलं नसतं, तर तुम्ही तालुक्याला मोर्चा नेला असता. तुम्ही स्वतःच बसू दिलं नाहीत, तिथे मोर्चा कोणी कोणावर न्यायचा? वस्तीत नळ तुम्ही आणलात, त्यासाठी तालुक्याला चपला झिजवल्यात, हे मी नाकारत नाही. पण नळ आला तो तिच्या सहीने.

हे सगळं मी आज लिहायला बसले नसते. धाकटीचा फोन ठेवला आणि गावाहून तुमच्या पुतण्याने फ्लेक्सचा फोटो पाठवला. चौकात लागलासुद्धा. वर तुम्ही, पांढऱ्या सदऱ्यात, हे एवढे मोठे. खाली ठळक अक्षरांत, 'माजी सरपंच कालकथित' आणि तुमचं नाव, 'यांच्या कन्येचा इंग्लंडमध्ये दणदणीत विजय'. धाकटी कोपऱ्यात, नवऱ्याच्या शेजारी. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत गावातली झाडून सगळी पोरं, गॉगल लावून. आई कुठेच नाही. मी फोटो मोठा करून करून शोधला. खरंच नाही.

मी ताडकन पुतण्याला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज, "ताई, कडक झालाय ना? अख्ख्या तालुक्यात चर्चा आहे." मी म्हटलं, "माजी सरपंच कोण होतं रे?" तो म्हणाला, "म्हणजे काय, काका!" मी म्हटलं, "नीट आठव." तो म्हणाला, "अहो ताई, कागदावर काकू असेल, पण सगळं तर काकाच बघायचे ना. लोक कोणाला ओळखतात? आणि आता छापून झालंय." मी तोंड उघडलं, आणि जे बोलणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात आईने हात पुढे केला. लसणाचा वास येणारा हात. तिने मोबाइल माझ्याकडून घेतला, तोंडासमोर आडवा धरला आणि म्हणाली,

"हॅलो. मी माजी सरपंच बोलतेय."

तो म्हणाला, "कोण?"

"तुझी काकू. ऐक. त्यांचा फोटो राहू दे, छान आहे. पण त्याच्या खाली जे लिहिलंय ते माझं आहे. पंचायतीत नावांची पाटी आहे, जाऊन वाच. नळाच्या कागदावर कोणाची सही आहे ते बघ. उद्या हा काढायचा आणि नवा लावायचा."

"काकू, पण खर्च..."

"खलास," आई म्हणाली. एवढा एकच अरबी शब्द तिला येतो. फोन बंद कसा करायचा ते तिला जमलं नाही, तो मी केला. मग तिने धाकटीला परत फोन लावायला सांगितलं आणि तिला म्हणाली, "मघाशी विचारलंस ना? हे बघ, सगळ्यांच्या आधी जा. आधी जाऊन खुर्चीवर बस. काय बोलायचं ते बसल्यावर सुचेल." आणि ताट ओढून लसूण सोलायला लागली.

आता ती झोपायच्या तयारीत आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही ते आधी आईकडूनच वाचून घेतलं असतंत, तुमचा चष्मा कायम हरवलेला असायचा. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. एवढी सगळी तणतण मी केली, एवढं सगळं मला ठाऊक आहे, किटली तर माझ्याच हातात होती. तरी आईच्या तोंडून 'माजी सरपंच बोलतेय' हे शब्द आले ना, तेव्हा मी चटकन दाराकडे पाहिलं. मला वाटलं, तुम्ही आलात.