काळ्या काचेआड

११ मे

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. सासूबाईंचा खोकला थांबला का? इकडे उकाड्याने जीव नकोसा झालाय. बाकी ठीक. नोकरी सोडली. कारण विचारू नकोस, असं लिहिणार होते. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. सुट्टीत माझ्याकडे राहून आल्यापासून चिमी धड जेवत का नाही, म्हणतेस.

आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांना एकच ध्यास: माणसात कुतूहल येतं कुठून? आत घाण आहे असं बजावलं, तरी मूल झाकण का उचलतं? म्हणून खोलीत बरणी ठेवायची, मुलाला एकटं बसवायचं, नि आम्ही काळ्या काचेआडून बघायचं. आईची संमती घेऊनच. त्या दिवशी ठरलेलं मूल आलं नाही. सर म्हणाले, "तुमची भाची बाहेर बसलीये ना? पाच मिनिटांचं तर काम." मी तुला फोनसुद्धा केला नाही.

बरणीत कुजका उंदीर होता.

चिमीने झाकण उचललं, वाकली आणि भडाभडा ओकली. फ्रॉक, बूट, सगळं भरलं. मग मनगटाने तोंड पुसून, नाक दाबून पुन्हा वाकली. सर खुशीत ओरडले, "बघा, किळस हरली!" कुणीतरी हसलं. मला त्या सगळ्यांची शिसारी आली.

लिहिताना इथेच थांबले असते, तर माझंही बरं दिसलं असतं. पण मी उठले नव्हते गं. ती तिसऱ्यांदा वाकते का, हे मलाही बघायचं होतं. माझ्या श्वासाने काच धुरकटली, तर मी ती ओढणीने पुसली.

ती रडायला लागली, तेव्हा आत गेले. तोंड धुताना तिने विचारलं, "मावशी, तो कशाने मेला?"

"गप्प! आणि आईला यातलं काही सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. सर म्हणाले, "एवढं कशाला मनाला लावून घेता? इतकं छान मूल आजवर मिळालं नव्हतं."

चिमी माझा शब्द पाळतेय. तिला जवळ घे. मावशीने गप्प राहायचं बंधन काढलंय, म्हणून सांग. विचारेल ते विचारू दे, आणि खरं तेच सांग. माझ्याबद्दल विचारलं, तरीसुद्धा.

तुझी म्हणवून घ्यायला धजत नाही, तरी तुझीच,
ताई