पळाल्याचं पाणी

दादा,

तब्येत कशी आहे तुमची? उजवा गुडघा अजून थंडीत धरतो का, की तिकडे थंडीच नाही? मायचं कपाळ दुखायचं थांबलं का? तिला म्हणावं, आता पदर आवळून बांधू नको, मोकळी बस जरा. बारक्या काकाचा खोकला कसा आहे? हे पत्र त्याच्याकडूनच वाचून घ्या, आपल्यात अक्षर ओळखणारा तो एकटाच होता. पण त्याला बजावून सांगा, मधलं गाळायचं नाही आणि आपल्या पदरचं घालायचं नाही. पांढऱ्याचं खूर भरलं का? आणि बांडा बैल अजून पाणी पिण्याआधी घागरीला शिंग लावून बघतो का?

मी बरी आहे. दात गेले, कान शाबूत आहेत. मला लिहिता येतं हे तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही गेल्यावर शिकले. लेकाच्या पहिलीच्या पुस्तकावर बोट फिरवत फिरवत, आणि मग एसटीच्या पाट्या वाचत. वडवणी, तेलगाव, बीड. नेकनूरची पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा गाडी सुटून गेली आणि मी पाटी वाचल्याच्या आनंदात तिथंच उभी. तेव्हापासून मनात होतं की तुम्हाला एकदा लिहावं, पण लिहिण्यासारखं मोठं काही घडत नव्हतं. आता घडलंय. लई मोठं घडलंय. काल दुपारपासून माझे पाय जमिनीला लागत नाहीत.

आपल्या घरात परत धुरकरी निघाला, दादा. तुमच्या लेकीच्या लेकाची लेक. पोरगी आहे. तुम्ही शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, छकडा हाकायचा, ही मोटार हाकते. पण आपल्या रस्त्यावर पळतात तसली मोटार नव्हे. जमिनीला चिकटून असते, चारी चाकं उघडी, आणि हाकणारा आत जवळजवळ आडवा पडलेला, फक्त डोकं तेवढं बाहेर. पटही सरळ नसतो. वळणावळणाचा असतो आणि जिथून निघाले तिथंच परत येतो, असे कितीतरी फेरे. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. "जितनं निघाले तितंच यायचं, तर निघायचं कावून?" मीही लेकाला हेच विचारलं होतं. तो हसत बसला.

माझ्या लेकाचं तेलगावात ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. एकदा सामान आणायला पुण्याला गेलता, पोरीला सोबत नेली. तिथं रस्त्याच्या कडेला छोट्या गाड्या पळवायचं मैदान होतं. कार्ट म्हणतात त्या गाडीला, आपल्या खाटेपेक्षाही बुटकी. पोरगी एकदा बसली ती उतरेचना. घरी आली तर जेवेना. मग लेकानं भंगारातलं मोटरसायकलचं इंजिन काढलं, लोखंडी पाइप वाकवले, फवाऱ्याच्या टाकीची पेट्रोलची टाकी केली आणि तिला एक गाडी जोडून दिली. साखर कारखान्याचा हंगाम संपला की उसाच्या गाड्या उभ्या राहायचं मैदान रिकामं असतं. तिथं जुने टायर मांडून वळणं केली. गाडी अशी आवाज करायची की पार चौकातली माणसं उठून बघायला यायची.

"काय बे मिस्त्री, पोरीला इमान करून दिलं का?"

"इमानच हाय, पंख तेवढे ऱ्हायलेत," माझा लेक म्हणायचा.

"पंख लावू नको बाबा, उडून गेली तर जावई कुटं शोधशील!"

पोरगी थांबून त्या माणसाला म्हणाली, "जावयाला पळता येत असंल तर येईल की मागं मागं." सात-आठ वर्षांची असेल तेव्हा. जीभ तुमचीच, दादा.

पट बघायला मी शिकवलं तिला. तुम्ही मला शिकवलं होतं तसं. शर्यतीच्या आदल्या दिवशी तुम्ही पायताण काढून सगळा पट चालून यायचा, पट संपतो त्या दोरीकडून निघायच्या जागेकडे, उलटा. माझं बोट धरून. "डोळ्यानं न्हाई, तळव्यानं बग," म्हणायचा. कुठं भुसभुशीत आहे, कुठं खडा वर आलाय. मी पोरीला तसंच कारखान्याच्या मैदानात अनवाणी फिरवलं. तिच्या बापानं डोक्याला हात लावला, म्हणाला, "आई, टायर आन् खूर एक असतंय का?" पण पोरगी आजही, देशोदेशीच्या पटांवर, आदल्या दिवशी सगळे हाकणारे हातात कागद घेऊन पट चालतात तेव्हा, एखाद्या वळणावर बूट काढते. मागं एका साहेबानं तिला हटकलं म्हणे. ही म्हणाली, घरची रीत आहे.

रीत म्हटलं की तांब्या आठवतो. नेकनूरच्या पटात तुम्ही जिंकून आणलेला पितळेचा, बुडाला पोचा पडलेला. माझ्या लग्नात तुम्ही भांडी दिली त्यात तो लपवून घातला होता, मायला न सांगता. छकडा परत आला की त्याच तांब्यानं घरच्या पोरीनं बैलांच्या खुरांवर पाणी घालायचं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा. माय चुलीवरची पहिली भाकरी त्यासाठी बाजूला काढून ठेवायची, आणि मी तिच्यातला पापुद्रा चोरून खायचे.

एका पटाच्या दिवशी पांढऱ्याचं खूर फाटलं. मी नऊ-दहा वर्षांची आहे, तांब्या घेऊन गर्दीत उभी आहे. आपला छकडा दोरीच्या अलीकडेच रेंगाळतो, दुसऱ्यांची जोडी धुरळा उडवत निघून जाते, आणि माणसं आपल्याकडे बघून हसतात. तुम्ही बैल धरून चालत येता. पांढरा लंगडतोय. मी रागानं तांब्या पालथा करते, सगळं पाणी मातीत. तुम्ही मला कधी मारलं नाही, तेव्हाही मारलं नाही. पण असे बघितलेत की मला मारलेलं परवडलं असतं.

"पाणी कावून सांडलं?"

"हारले न्हवं का ते!"

"पाणी जिंकल्याचं नसतंय, येडे. पळाल्याचं असतंय. जा, भरून आन."

विहिरीवरून पुन्हा भरून आणलं मी, रडत रडत. पांढऱ्याच्या फाटक्या खुरावर घातलं तेव्हा त्यानं पाय उचलला नाही. तुम्ही त्याच्या मानेवर हात ठेवून उभे होता.

आता ऐका गंमत. पोरीची पुण्यातली पहिली मोठी कार्टची शर्यत. आधी एक छोटी, तिच्यात निवडले गेले की मग शेवटची. छोटीत पोरगी पहिली आली. मी तांब्या आणि भाकरी पिशवीत घालूनच नेली होती. गाडी येऊन थांबली तशी मी पुढं झाले आणि चारी चाकांवर तांब्यातलं पाणी ओतलं. चर्रर्र करून वाफ निघाली. एक मेकॅनिक पोरगा ओरडतच धावत आला.

"अहो आजी, काय केलंत हे!"

"पाय धुतले."

"कुणाचे?"

"गाडीचे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भाकरीच्या तुकड्याकडे बघितलं. टायर तापलेले असले म्हणजे जमीन धरतात, गार पडले की घसरतात, हे मला कुणी सांगितलं होतं? पुसायला वेळच मिळाला नाही, लगेच बोलावणं आलं. पहिल्याच वळणावर पोरीची गाडी गरकन फिरली, आणि ती सगळ्यांच्या मागं, शेवटची आली. लेक माझ्याकडे बघेना. मला वाटलं, पोरगी आता माझं तोंड बघणार नाही.

शिरस्त्राण काढलं तर डोळे लाल. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला तिथंच पांढऱ्याची गोष्ट सांगितली, तुमचा शब्द सांगितला. तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "म्हंजे आता हारले तरी घालनार का?"

"हारली तरी."

"मग गाडीवर नको बाई. माझ्या पायावर घाल."

बुटांवरच घातलं. तांब्यात जेवढं राहिलं होतं तेवढं सगळं. मोजे भिजले, तशी ती हसायला लागली, आणि तो मेकॅनिकही. पुढं त्याच पोरानं तिला निवडचाचणीचं सांगितलं. तिथं तिला शर्यतीची गाडी शिकवणाऱ्या शाळेनं उचललं, फुकट शिकवलं, मग परदेशी धाडलं. एकेक पायरी वरच्या गाडीची, दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा जोरात. मला सगळ्या पायऱ्यांची नावं येत नाहीत. पण जिथं असेल तिथं, जिंको की हरो, फोन लावायची. ती तिकडं बूट दाखवायची, मी इकडं उंबऱ्यावर पाणी घालायचे.

आणि काल, दादा, सगळ्यात वरची शर्यत. तिच्या वर आता काही नाही. एका संघाच्या ड्रायव्हरचा हात दुखावला म्हणून त्या एका शर्यतीपुरती तिला गाडी दिली. एकच. संघाच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, नीट चालवलीस तर पुढच्या सगळ्या हंगामाची जागा तुझी, नाही तर परत खाली. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका दुपारवर आलं होतं.

गॅरेजात टीव्ही लावला. ट्रॅक्टर बाहेर काढले, सतरंजी टाकली, नेकनूरहून पाव्हणे आले. कोपऱ्यात छताला तारेनं टांगलेली ती पहिली गाडी, भंगाराची, लेकानं आजवर विकली नाही. मी तिच्याखाली खुर्ची टाकून बसले, मांडीवर भरलेला तांब्या.

दिवे विझले आणि गाड्या सुटल्या. तिकडे झेंडी नाही, दिवे विझले की निघायचं. पोरगी पार मागं, शेपटाकडे. गाड्या अशा जातात की बैल काय, वाराही मागं राहील. पहिल्याच वळणावर पुढच्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि आमची त्यांच्या कुशीतून सुटली. सगळं गॅरेज उभं राहिलं. मग आणखी एक मागं टाकली, मग आणखी एक. माझा लेक टीव्हीला सांगत होता, "दम धर, दम धर, आता न्हाई, पुढच्या वळनाला!" जसं काही तिला ऐकू येतंय. आणि बघा, पुढच्याच वळणाला तिनं गाडी आत घातली. मी ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. आठवी! सगळ्या जगातल्यांमध्ये आठवी!

पण शेवटी शेवटी टायर झिजले तिचे. गाडी वळणावर डुलायला लागली. मागून एक जण आला, तिला दाबायला लागला. एक फेरा तिनं त्याला अडवलं, दुसराही अडवला, आणि शेवटच्या फेऱ्यात तो बाजूनं निघून गेला. नववी. गॅरेजात "अरेरे" झालं. कुणीतरी म्हणालं, "गेली जागा." माझा लेक खाली बसला आणि बोटांनी सतरंजीचे धागे उपसायला लागला.

टीव्हीत तिची गाडी येऊन थांबली. पोरगी बाहेर निघाली, शिरस्त्राण काढलं, डोळे लाल, अगदी तसेच. कुणीतरी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. प्यायची सोडून तिनं ती आपल्या दोन्ही बुटांवर ओतली. आधी डावा, मग उजवा, सावकाश. टीव्हीवरचा गोरा हसला आणि काहीतरी म्हणाला. इथली पोरं म्हणाली, "पाय भाजले वाटतं."

नव्हते भाजले, दादा. साऱ्या जगासमोर तिनं तुमचा शब्द पाळला, आणि तो पाळला तेव्हा जागा मिळणार की नाही हे तिला माहीत नव्हतं. मी उठले आणि माझ्या डोक्यावरच्या त्या भंगाराच्या गाडीच्या चाकांवर पाणी घातलं. खाली बसलेल्या पाव्हण्यांवरही पडलं.

फोन आला तेव्हा चहा चालला होता. लेकानं माझ्याच हातात दिला.

"ए आजी, पानी घातलंस का?"

"घातलं."

"कशावर?"

"तुझ्या पहिल्या गाडीवर."

"बरं केलं." "आजी, झिजल्या टायरवर गाडी जशी राखली ती त्यान्ला आवडली. जागा दिली. सगळं वरीस."

मी लेकाकडे फोन दिला. लेकानं ऐकलं आणि गॅरेजातल्या सगळ्यांना एकेक करून मिठी मारत सुटला, हात ग्रीसचे तसेच.

हे पत्र कुठं धाडू ते कळत नाही. पत्ता विचारायला माणूस नाही. घडी करून तांब्याखाली ठेवीन. एक मात्र तुम्हाला सांगते, काकाला म्हणावं हे हळू वाच, मायला ऐकू जाऊ देऊ नको. चाकांवर घातलं ते अर्ध्या तांब्याचंच होतं. शेवटच्या फेऱ्यात माझा घसा इतका कोरडा पडला की अर्धं पाणी मीच पिऊन टाकलं.

तुम्ही असता तर हसला असता. लवकर लिहा, दादा. नवा हंगाम सुरू व्हायच्या आत लिहा. बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल, पांढऱ्याच्या खुराचं तेवढं कळवा.