ओटीचा नेम

आई, काल दुपारी शेजारीण माझ्या चुलीपाशी येऊन बसली आणि तुझं नाव घेऊन रडली, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं. शिवाय तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तेव्हा दुसरीत पाटीला थुंकी लावून पुसणारा तुझा नातू लोकोशेडात कामाला लागला. तरी लिहिते. तोंडानं बोलायचं तेव्हा बोलले नाही. माझी खोड तुला ठाऊकच आहे, नको तिथे जीभ कातरीसारखी चालते आणि हवं तिथे दातखिळी बसते.

शेजारणीचा नवरा बैलगाडी हाकतो. पंधरा दिवसांपूर्वी खंडाळ्याकडून येणाऱ्या मालाच्या लॉरीनं वळणावर त्याच्या गाडीला धडक दिली. जू मोडलं आणि त्याचा पाय गुडघ्याखाली चेचला. डॉक्टरांनी पाय राखला आहे, पण तो पुन्हा जमिनीला टेकेल असं कुणी छातीठोक सांगत नाही. वडगावचा वकील करावा की करू नये, यावर त्यांच्या घरात आठ दिवस खल चालला होता. परवा लॉरीच्या मालकाची बायको आली, हिची ओटी भरून गेली, आणि तो खल तिथेच संपला. मी म्हटलं, "अगं, ओटी राहू दे बाजूला. वकिलाला निदान विचारून तरी या." तर पदरानं डोळे पुसत म्हणते, "नगं मावशी. ती बी पोटुशी हाय. तसल्या बाईनं भरलेली ओटी मोडून तिच्यावर फिर्याद केली तर तिच्या पोटाला लागतं. तुमच्या आयनं न्हाई का राखली? हात गेला, पर ओटीचा मान मोडला न्हाई. समद्या वलवणला ठाव हाय." मी चुलीत फुंकर घालायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

तुझा उजवा हात मला तुझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतो. रुंद, आखूड बोटांचा, नखं कायम मांसाला लागून कापलेली. वलवणपासून पलीकडच्या वाड्यांपर्यंत निम्म्या पोरांनी जगात आल्यावर पहिला स्पर्श त्या हाताचा ओळखला. आडवं आलेलं मूल तू पोटावरून चोळून चोळून सरळ करायचीस, आणि करताना तुझे डोळे मिटलेले असायचे. एकदा मी नखं वाढवून मेंदी लावली होती, तेव्हा भाकरी थापता थापता तू माझी बोटं धरलीस आणि म्हणालीस, "ह्यो हात हाय का खुरपं? उद्या कुनाच्या लेकराला लागलं म्हंजे?" मी फणकारले, मला कुठे सुईण व्हायचंय म्हणून. तुला मला शिकवायचं होतं हे मला माहीत होतं. मला मात्र चौथीपर्यंतच्या शाळेचा तोरा होता.

त्या दिवशीचं ऊन अजून डोळ्यांसमोर आहे. मला सातवा संपत आलेला, पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आलेली. तू सकाळपासून रस्त्यापलीकडच्या वाडीत एका अडलेल्या बाईकडे गेली होतीस. वाट बघून मी कंटाळले आणि सडकेच्या कडेला करंजाच्या सावलीत येऊन उभी राहिले. तू पलीकडून येतेस. ओच्यात काहीतरी बांधलेलं, चाल दमलेली, पण चेहरा उजळ, म्हणजे दोन्ही जीव सुखरूप. सडकेपाशी येऊन तू थांबतेस, कारण वळणावर धुरळा उठला आहे. तुला लांबचं कमी दिसायला लागलं होतं. कपाळावर हात धरून तू ओरडून विचारतेस, "काय येतंय गं?" मी बघते. मोटारी तेव्हा दिवसातून चार-दोन जायच्या, आणि आपली नजर बैलगाडीवर नि टांग्यावर पोसलेली. त्या वळणावर धुरळा दिसला की माणसानं रस्ता ओलांडावा, मधेच थांबून पायातला काटा काढावा, तरी टांगा यायला वेळ असतो, हे मी पाळण्यात असल्यापासूनचं माझं गणित. मी हाक मारते, "ये, ये! लांब हाय अजून!" आणि तू माझ्या शब्दावर पाऊल टाकतेस.

भोंगा वाजला तेव्हा तू मधोमध होतीस. मोटारीनं तुला बाजूला फेकलं आणि मागचं चाक तुझ्या उजव्या पंजावरून गेलं. बरगड्या वाचल्या, डोकं वाचलं, नेमका तो हात सापडला. ड्रायव्हर पांढराफटक पडून उतरला. मागे मुंबईच्या कुणा शेठची बायको होती, तिनं दार उघडून पाय खाली टाकला. तू धुरळ्यात बसलेली, हात मांडीवर घेतलेला, आणि त्या स्थितीत तू तिच्याकडे एकदाच वर बघितलंस आणि ड्रायव्हरला म्हणालीस, "तिला उतरू दिऊ नगंस. दिवस गेल्यात तिला. रगत बगून धसका बसंल. घरी ने आदी." तिच्या अंगावर अजून काही दिसतसुद्धा नव्हतं. गाडी निघून गेली. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता, आई. स्वतःच्या हाताच्या चिंध्या झालेल्या आणि ही बाई दुसरीचे महिने मोजतेय.

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, आणि उरलेली पुढे कधी वळलीच नाहीत. आठवडाभरानं तीच बाई लोणावळ्यातल्या तिच्या बंगल्यातून टांगा करून आपल्या दारात आली. जमिनीवर बसली, रडली, आणि तुझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. तू डाव्या हातानं पदर पसरलास. ती उठताना तू म्हणालीस, "जपून ऱ्हावा. टांग्यात बसू नगासा, हिसके बसत्यात." आबा ओसरीत भिंतीला टेकून उभे होते. ती गेल्यावर म्हणाले, "खणानं हात येतोय व्हय परत? मी वकील करनार." आबांनी जन्मात कुणावर, बायकोवर की लेकीवरही, आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ते जे ठरवतील ते करतील हे आपल्याला दोघींनाही कळलं.

मग आपण तिघं आगगाडीनं वडगावला गेलो. वकील भले गृहस्थ होते. तुझ्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे बघून त्यांनी आधी पाणी मागवलं. नुकसानभरपाईचा दावा लागू शकतो म्हणाले, पण दोन गोष्टी करायला हव्यात. ओटी परत करा, नाहीतर समोरचा वकील म्हणेल की आपसात मिटलं. आणि साक्षीदार आणा, कारण ड्रायव्हर म्हणणार की बाई एकाएकी आडवी आली. मग त्यांनी तुला विचारलं, "रस्ता ओलांडताना बघितलं होतंत ना? सोबत कोण होतं?" मी जाजमाचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होते. इतका घट्ट, की बोटाचं टोक निळं पडलं. तू म्हणालीस, "कुनी न्हवतं. येकलीच हुते मी." वकिलांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, सडकेवर कुणी ना कुणी असतंच, शोधा, मी त्याला शपथेवर सगळं विचारून घेईन.

परतीच्या गाडीत मी एकच विचार करत होते. आबांना वाटत होतं की मी भोंगा ऐकून घरातून धावत गेले, पण आता ते शोधतील. करंजाखाली मी उभी होते हे कुणीतरी पाहिलं असेल. मग मला पिंजऱ्यात उभं करतील, आणि भर कोर्टात विचारतील की बाईला ये कोण म्हणालं. सासरचे ऐकतील, आबा ऐकतील. 

घरी आल्याबरोबर आबांनी खण-नारळ पाटीत घातला आणि पायताणं घातली. तू उंबऱ्यापाशी बसली होतीस. तू म्हणालीस, "न्या. द्या परत." ऐक, आई, तू तयार होतीस. हे वलवणात कुणालाही ठाऊक नाही. आणि मी म्हणाले, "आबा, आमच्या सासरी म्हणत्यात, पोटुशी बाईनं भरलेली ओटी परत केली तर तिच्या पोटाला लागतं." सासरी असं कुणीही म्हणत नव्हतं. ते मी त्या क्षणी, उभ्या उभ्या रचलं. आबांचा हात थांबला. त्यांनी तुला विचारलं, "व्हय गं? तुला ठाव आसंल." तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मग म्हणालीस, "व्हय. लागतं. ऱ्हाऊ द्या."

आबांनी पाटी खाली ठेवली. वकिलाचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. मला सुटल्यासारखं झालं, त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. माझी चलाखी मला इतकी आवडली होती की पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हुशार समजत होते.

मग माझी वेळ आली, आणि तुझ्या लेकीचं बाळंतपण परक्या सुईणीनं केलं. तू माझ्या उशाशी बसून त्या सुईणीला सांगत होतीस, "वढू नगंस, तिला दम घिऊ दे," आणि तुझा तो उजवा हात आपोआप पुढे व्हायचा आणि तू तो डाव्या हातानं मागे घ्यायचीस. मी कळा देत होते तरी मला ते दिसत होतं. हळूहळू लोकांनी तुला बोलावणं सोडलं. वाडीतून कुणी धावत यायचं ते आपल्या दारावरून पुढे जायचं, आणि तू तांदूळ निवडता निवडता मान वर करून पावलं ऐकायचीस. भाताच्या आवणीला तू बांधावर बसून असायचीस, आबा एकटे चिखलात. आबांना तू कधी काही सांगितलं नाहीस. मला कधी एक शब्द बोलली नाहीस. शेवटच्या दुखण्यात फक्त विचारायचीस, "त्या बाईला काय झालं आसंल गं? पोरगं का पोरगी?" मी सांगायची, पोरगा झाला. मला काही ठाऊक नव्हतं.

काल शेजारीण गेल्यावर मी तिचे शब्द पुन्हा घोकले. तू तीस वर्षं बाळंतिणींच्या घरी वावरलेली बाई. किती ओट्या तुझ्यासमोर भरल्या गेल्या असतील. असा काही नेम कुठेच नाही हे तुला ठाऊक नसेल? तुला चांगलं ठाऊक होतं. मी तुला फसवलं असं मी एवढी वर्षं धरून चालले होते, आणि तू माझ्या तोंडाकडे एकदा बघून सगळं ओळखलं होतंस, जसे त्या बाईचे दिवस ओळखलेस. वकिलापुढे एकलीच होते म्हणालीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू तुझ्या हाताचा दावा सोडून दिलास, मला पिंजऱ्यात उभं राहायला लागू नये म्हणून. हे मला काल, चुलीपुढे, केस पिकल्यावर कळलं, आई, आणि मी मोठ्यानं रडले. आणि माझी ती थाप आता गावाचा नेम होऊन बसली आहे, आणि एका गाडीवानाचा पाय तिच्यावर टांगला आहे.

आज सकाळी मी शेजारणीकडे गेले. म्हटलं, तो नेम खोटा आहे, तू वकील कर. ती म्हणाली, "काय बी काय बोलता मावशी? मंग तुमची आय खोटं बोलली व्हय?" घरात तिचा नवरा, दीर, सासू, सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "न्हाई. मी बोलले." मग करंजाची सावली, धुरळा, माझी हाक, सगळं सांगितलं. सासूनं तोंडाला पदर लावला. कुणी मला बस म्हणालं नाही. निघताना दीर तेवढं बोलला, की उद्या सकाळच्या गाडीनं वडगावला जातो, आणि मावशी, तुमी बी चला, कागद वाचायला कुनी पायजे. मी जाणार आहे.

त्या शेठच्या बायकोचा खण अजून माझ्या पेटीत आहे. तू तो शिवला नाहीस, मीही नाही. हा कागद त्याच्या घडीत ठेवीन, दुसरं कुठे धाडणार.

एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही. हाक कशाला मारली, ते. तसं काही घाईचं नव्हतं. बाळंतिणीच्या घरून तू येताना ओच्यात गूळखोबरं आणतेस हे मला माहीत होतं, आणि मला ते खायचं होतं. मोटार गेल्यावर तू धुरळ्यात बसूनच डाव्या हातानं ओचा सोडलास आणि ते माझ्या हातावर ठेवलंस. दवाखान्यात आबा तुला आत घेऊन गेले, आणि मी बाहेरच्या पायरीवर बसून ते सगळं खाल्लं.