अर्जंटचा खिळा

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून (आणि टपली बसायच्या आत उचलून) कळवतो की माझी तब्येत ठणठणीत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी तेल लावताना तुम्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडता, असं आईकडून कळलं. ओरडत चला, दुखणं अंगात मुरू देऊ नये.

मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, पुस्तकातलं इंग्रजी तुला झेपलं नाही, निदान बाजारातलं तरी शीक. आणि तुमच्या वर्गमित्राच्या छापखान्यात मला प्रुफं तपासायला बसवलंत. शिकलो, मामा. डिक्शनऱ्या लिहिणाऱ्या विद्वानांना एक आठवडा माझ्या स्टुलावर बसवायला हवं. मालक ‘आपण सगळे एक फॅमिली’ म्हणाले की रविवारची सुट्टी गेली समजायचं. गिऱ्हाइकाने प्रुफावर ‘फायनल’ लिहिलं, याचा अर्थ त्याच्या मेव्हण्याने ते अजून पाहिलेलं नाही. ऑपरेटर ‘फाइव्ह मिनिट्स’ म्हणाला की आपण जेवून यावं, जमल्यास एक डुलकीही काढावी. ‘सजेशन’ मालकांचं असेल तर हुकूम, माझं असेल तर आगाऊपणा. (‘सॉरी’चा अर्थ देता येत नाही. तो शब्द मालकांच्या तोंडून अजून कोणी ऐकलेला नाही.)

पण या सगळ्यांत बदनाम शब्द ‘अर्जंट’. प्रत्येक गिऱ्हाईक छापायच्या मजकुराच्या पाकिटावर तो लिहितंच. एकाने तर पुढच्या वर्षाच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर लिहिला, खाली दोन रेघा मारून. म्हणून काउंटरवर बसणाऱ्या मुलीने एक रीत पाडली आहे. ज्याला खरंच घाई असते तो लिहीत बसत नाही, डोक्यावर येऊन उभा राहतो, त्याचं काम आधी. ज्या पाकिटावर ‘अर्जंट’ असेल ते मागच्या भिंतीच्या खिळ्याला. सवडीने खालून एकेक काढायचं.

या मुलीबद्दलच लिहायचं होतं. अख्खा छापखाना तिला ताई म्हणतो, पन्नाशीचे मालकसुद्धा. मी एकट्याने सात महिने तिला कशानेच हाक मारलेली नाही. नुसता खाकरतो. तिला वाटतं मला दमा आहे. (परवा तिने मला खोकल्याची बाटली आणून दिली. मी ती संपवली. गोड होती.)

शेवटी मनातलं सगळं चार पानांवर उतरवलं, पाकिटात घातलं, लाल शाईने वर ‘अर्जंट’ लिहिलं आणि तिच्या टेबलावर ठेवून पळालो. हसू नका! खिळ्याची रीत मला माहीत होती. रोज दहा पाकिटं मीच तिथे अडकवतो. पण माझं पाकीट खरोखरच अर्जंट होतं ना! (प्रत्येक गिऱ्हाइकाला नेमकं हेच वाटत असणार, हे शहाणपण आता सुचतंय.) तिने पाकिटावरचं बघितलं, आत बघितलंच नाही, आणि माझं काळीज खिळ्याला लटकवलं. (हे मागाहून कळलं. त्यावर रोजची दहा पाकिटं मीच चढवत होतो.)

नऊ दिवस मी उत्तराची वाट बघितली. ती नेहमीसारखी हसायची, नेहमीसारखी पावत्या फाडायची. म्हटलं, वाचून एवढी निर्विकार? दहाव्या दिवशी सकाळी डोकं सणकलं. तडक मालकांसमोर गेलो, राजीनामा आपटला आणि दार असं लावलं की काचेचा तुकडा पडला. त्याच दुपारी माझ्या पाकिटाची पाळी आली. ऑपरेटर टाइप करताना मजकूर कधीच वाचत नाही (वाचलं की हात अडखळतात म्हणे). त्याने चारही पानं सुबक ठशांत उतरवली, वर मधोमध ‘प्रिय’ ठळक केलं आणि प्रूफ काढलं. तपासायला मी नव्हतो. म्हणून ते गेलं तिच्याकडे.

संध्याकाळी डबा न्यायला गेलो तर तिने कागद पुढे केले. चौदा चुका! सात महिने प्रुफं तपासणाऱ्याच्या प्रेमपत्रात चौदा चुका, लाल गोल करून. खाली तिच्या अक्षरात: ‘प्रती किती?’

मी घाम पुसत म्हटलं, “एकच.”

“बरं झालं. मला वाटलं वाटायच्या आहेत,” ती म्हणाली. मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. “अहो, कॉलेज अर्ध्यावर, आता हेही? एका जागी वर्षभर टिकून दाखवा. मग बोलू.”

मामा, तिने ‘नाही’ म्हटलं नाही!

मामींना नमस्कार. आईला यातलं अक्षर सांगू नका.

तुमचा भाचा

ता. क. पत्र खुशालीचंच आहे, पण हात चालतोच आहे तर लिहितो. तुम्ही मालकांना फोन करून तो राजीनामा परत मागून घ्या. पोरगा तापट आहे, पण मनाने चांगला आहे वगैरे तुम्हाला सुचेलच. काच मी बसवून देतो.

ता. क. २. घाई करावी ही विनंती. राजीनामा वाचून मालक चिडले नाहीत म्हणे. गोड हसले आणि ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाले. शाळेपासून तुम्ही त्यांना ओळखता. त्यांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ काय होतो? आज सकाळी लांबून बघितलं, माझ्या स्टुलावर त्यांचा पुतण्या बसलाय आणि ती त्याला काहीतरी समजावून सांगतेय.